चळवळीची वृत्तपत्रं आणि दलित स्त्रिया: मुक्ता साळवेपासून आजवर

आंबेडकरी पत्रकारितेचा इतिहास सांगायला कुणी उभं राहिलं की पाच नावं ओळीने येतात: मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा-उमरग्याकडे १४ एप्रिलच्या भाषणात ही नावं हमखास ऐकायला मिळतात. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, पांडुरंग नंदराम भटकर संपादक होते, हे सगळं श्रोत्यांनाही पाठ असतं. समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त बाया असतात. त्यांच्या आज्या-पणज्यांचा या पत्रांशी काय संबंध होता, हे मात्र त्या भाषणात येत नाही.

तो संबंध होता. फार जुना होता, आणि काही ठिकाणी तर पुरुषांच्या आधीचा होता. तरीही गेल्या पावणेदोनशे वर्षांची पत्रं आणि नियतकालिकं एकत्र ठेवून पाहिली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. दलित-बहुजन स्त्रीला चळवळीच्या पत्रात लिहायला जागा मिळाली. तिच्यावर झालेला अन्याय तर पहिल्या पानावर आला. संपादकाची खुर्ची, छापखाना, वर्गणीदारांची वही हे मात्र तिच्या हातात क्वचितच आलं. या आढाव्यात मी पत्रांकडे त्याच बाजूने पाहतो आहे. पत्रात बाई किती दिसते, हे मोजून पुरत नाही. काय छापायचं हे ती ठरवत होती का, हे पाहावं लागतं.

सुरुवात १८५५ पासून करावी लागते. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. महार-मांगांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं. वेदांवर ब्राह्मणांचाच हक्क असेल तर मग आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न मुक्ताने त्यात विचारला. या निबंधाबद्दल बोलताना बहुतेक जण इथेच थांबतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या महार-मांग बायांचे थंडी-पावसात काय हाल होतात, हे ती लिहिते. जातीचा अन्याय आणि बाईच्या शरीरावर पडणारा त्याचा भार तिने एकाच निबंधात मांडला. पुढे या दोन गोष्टी सुट्या झाल्या. चळवळीची पत्रं पहिलीबद्दल बोलत राहिली, स्त्रियांची मासिकं दुसरीबद्दल. दोन्ही पुन्हा एका पानावर यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली.

त्यानंतरचं ठिकाण सत्यशोधकांचं ‘दीनबंधु’. कृष्णराव भालेकरांनी ते १८७७ मध्ये पुण्यात काढलं, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवलं. त्याच सुमारास, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ आलं. त्या पुस्तकावर टीका करणाऱ्यांत सत्यशोधक वर्तुळातलेही पुरुष होते. त्यांना उत्तर देऊन ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले ते जोतिराव, १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये. पुरोगामी वर्तुळालाही बाईचं स्वतःचं म्हणणं पचायला जड जातं, हे तेव्हाच दिसलं होतं.

याच ‘दीनबंधु’च्या संपादकपदी पुढे एक स्त्री आली. तानुबाई बिर्जे पुण्याच्या, फुल्यांच्या शेजारात वाढलेल्या आणि त्यांच्या शाळेत शिकलेल्या. त्यांचे पती वासुदेव लिंबोजी बिर्जे बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते आणि नंतर ‘दीनबंधु’ चालवत होते. १९०८ मध्ये ते प्लेगने गेले. त्यानंतर तानुबाईंनी पत्र बंद पडू दिलं नाही. सुमारे चार वर्षं त्यांनी ते संपादित केलं, मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात बहुजनांना जागा का नाही यासारख्या राजकीय विषयांवर अग्रलेख लिहिले. वृत्तपत्राच्या पहिल्या भारतीय स्त्री संपादकांमध्ये त्यांचं नाव घ्यायला हवं. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात टिळक-आगरकर येतात, आता बाबासाहेबही येतात. तानुबाई बहुतेक विद्यार्थ्यांनी ऐकलेल्याही नसतात. पतीच्या मृत्यूनंतर खुर्ची मिळाली म्हणून ते कर्तृत्व कमी होत नाही. मृत्यूशिवाय ती खुर्ची मिळण्याची वाटच नव्हती, हे मात्र त्यातून कळतं.

त्याच १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केलं. मुली देवाला सोडण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी त्यात लिहिलं आणि मुरळी-जोगतिणींना या आयुष्यातून बाहेर यायचं आवाहन केलं. त्याला शिवूबाई नावाच्या एका मुरळीने लांबलचक पत्राने उत्तर दिलं आणि १९०९ मध्ये कांबळ्यांनी ते छापलं. स्वतःच्या आयुष्याचा अनुभव आईबापांपुढे मांडणारं, मुली देवाला सोडू नका असं सांगणारं ते पत्र. त्यानंतर कांबळ्यांच्या पुढाकाराने गणपतराव गायकवाड यांच्याशी शिवूबाईंचं लग्न झालं.

हा प्रसंग मी वाचतो तेव्हा नळदुर्ग आणि अणदूर डोळ्यांपुढे येतात. मुरळ्या ज्याला सोडल्या जात त्या खंडोबाचं आमच्या जिल्ह्यातलं मोठं ठाणं तिथे आहे, आणि पुढे तुळजापूरची भवानी. गळ्यात कवड्यांची माळ घातलेल्या बाया या भागात कुणाला परक्या नाहीत. अशा एका बाईने १९०९ मध्ये मासिकाला पत्र लिहावं आणि ते तिच्या नावानिशी छापलं जावं, ही मराठी पत्रकारितेतली फार मोठी घटना आहे. सुधारकांनी देवदासींवर ढिगाने लिहिलं. देवदासीने स्वतः लिहिलेलं इतकं जुनं असं फार थोडं सापडतं.

मराठवाड्याला हे सगळं तेव्हा दूरच होतं. लोहारा निजामाच्या मुलखात. पुणे-मुंबईची पत्रं ब्रिटिश हद्दीतली, आपल्याकडे शिक्षण थोडकं आणि सभेला सरकारची परवानगी. १९२९ च्या ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी हुकमाने तर जाहीर सभा घेणंच अवघड करून ठेवलं. आ. कृ. वाघमारे यांचं ‘मराठवाडा’ साप्ताहिक १९३८ मध्ये निघालं तेही संस्थानाबाहेरून, आणि बंदी आली की नाव बदलून निघत राहिलं. अशा मुलखात दलित वस्तीपर्यंत छापील अंक पोचणं म्हणजे एखाद-दुसरी प्रत. ती कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेब कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले, तेव्हा आमच्या जिल्ह्याने त्यांना पहिल्यांदा जवळून पाहिलं. त्याआधीची त्यांची ओळख ऐकण्यातूनच झालेली होती.

हे ऐकणं बायांच्या वाट्याला कसं आलं, याचा पुरावा जात्यावर आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी काही दशकं गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आहे. त्यात भीमरायाच्या ओव्यांचं मोठं दालन आहे आणि त्यातल्या कितीतरी आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी गायलेल्या आहेत. बाबासाहेबांचं शिक्षण, त्यांची मोटार, रमाई, दीक्षा, निधन अशा सगळ्या घटना त्या ओव्यांत येतात. अक्षर न येणाऱ्या बायांनी ऐकलेली बातमी ओवीत बसवली, पहाटे शेजारणीला ऐकवली आणि लेकीबरोबर दुसऱ्या गावाला धाडली. दलित पत्रकारितेच्या इतिहासात या ओव्यांना लोकसाहित्याच्या कप्प्यात टाकून मोकळं होतात, ते मला मान्य नाही. बातमीचा प्रसार कसा होत होता हे सांगायचं असेल तर हा त्याचा निम्मा भाग आहे.

ब्रिटिश हद्दीत दरम्यान पत्रांचा जोर वाढत होता. ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ ला निघाला, चवदार तळ्याच्या पहिल्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी. त्यातले रकाने बाबासाहेब एकहाती लिहीत. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत मनुस्मृती जाळल्यानंतर त्यांनी स्त्रियांशी स्वतंत्र संवाद केला आणि बायांनी तिथेच लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. मार्च १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात शेकडो स्त्रिया उतरल्या, अटकेत गेल्या. या सगळ्यांची नोंद चळवळीच्या पत्रांनी ठेवली, म्हणून आज ती आपल्याला मिळते. हे ऋण मोठं आहे. शहरी वृत्तपत्रांवर विसंबलो असतो तर यातलं फार थोडं हाती लागलं असतं. ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची पैसे देऊन दिलेली जाहिरातसुद्धा छापली नव्हती, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे.

या काळात बायांची संघटना नागपूर-विदर्भात सर्वांत ठळक दिसते, आणि तिथेच पत्राच्या संपादनात एक दलित स्त्री भेटते. किसन फागूजी बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रं काढली. त्यांच्याच घरातल्या तुळसाबाई बनसोडे १९३१ मध्ये ‘चोखामेळा’ हे पत्र चालवत होत्या. त्यांच्याबद्दल इतकं थोडं लिहिलं गेलं आहे की नाव घेण्यापलीकडे फार जाता येत नाही, आणि माझ्या मते हीच या विषयातली सर्वांत मोठी उणीव आहे.

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांच्याबद्दल सुदैवाने जास्त कळतं. उमरेडला १८९२ मध्ये जन्म. नागपूर स्टेशनवर हमाली करता करता एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षण आणि १९२२ मध्ये मुलींसाठी चोखामेळा शाळा. १९३७ च्या अखेरीस अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली, तेव्हा जेवणाच्या पंगतीत जाईबाईंना वेगळं बसवण्यात आलं. स्त्रियांच्या हक्कांसाठी जमलेल्या परिषदेत हे झालं. दलित स्त्रियांनी १ जानेवारी १९३८ ला स्वतःची सभा घेऊन त्याचा निषेध केला. पुढे २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, उपस्थिती वीस-पंचवीस हजार बायांची. तिथले ठराव आजही थक्क करतात: घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्व बंद, गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई, म्हातारपणी पेन्शन, गिरण्यांत बायांवर देखरेखीला बायाच, कायदेमंडळात स्त्रियांना जागा. डोंगरेबाईंनी भाषणात संततिनियमनाचा विषय काढला. हिंदू कोड बिलावरून संसदेत गदारोळ व्हायला अजून काही वर्षं होती.

मुक्ता साळवेने एकत्र बांधलेले जातीचे आणि बाईपणाचे प्रश्न इथे पुन्हा एकत्र आले. पण ही एवढी तयारीची माणसं एखादं स्वतःचं नियतकालिक काढून ते ठराव वर्षभर जागते ठेवू शकली नाहीत. कारण साधं आहे. पत्र काढायला पैसा, छापखाना आणि रिकामा वेळ लागतो. ‘मूकनायक’ पैशाअभावी बंद पडला, ‘बहिष्कृत भारत’ नोव्हेंबर १९२९ मध्ये थांबला. जिथे बाबासाहेबांना ही ओढाताण होती तिथे गिरणीत दिवसभर राबून घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईने पत्र कसं चालवायचं?

या ठिकाणी अमेरिकेकडे पाहिलं तर आपलं चित्र जास्त स्पष्ट दिसतं. दोन चळवळींचं नातं जुनं आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या स्त्रियांच्या पत्रकारितेची वाट मात्र थोडी वेगळी गेली. आयडा बी. वेल्स १८८९ मध्ये मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच’ या पत्राच्या भागीदार-मालक आणि संपादक झाल्या. मार्च १८९२ मध्ये त्यांच्या मित्रासह तीन काळ्या दुकानदारांना जमावाने ठार केलं. गोऱ्या बाईच्या अब्रूचं कारण पुढे करून होणाऱ्या अशा हत्यांमागे खरं तर धंद्याची स्पर्धा आणि दहशत असते, असं वेल्सबाईंनी छापलं. त्यांचं कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आलं, त्यांना शहर सोडावं लागलं आणि त्या न्यूयॉर्कमधून लिहीत राहिल्या. पुढे कॅलिफोर्नियात शार्लोटा बास यांनी ‘कॅलिफोर्निया ईगल’ हे पत्र १९१२ पासून जवळजवळ चार दशकं चालवलं. अमेरिकेतून हद्दपार झालेल्या क्लॉडिया जोन्स यांनी १९५८ मध्ये लंडनला ‘वेस्ट इंडियन गॅझेट’ काढलं. मालकी आणि संपादकपद दोन्ही हातात असलेल्या या बाया. त्यांच्यामागे काळ्यांची स्वतःची चर्च होती, महाविद्यालयं होती, जाहिरात देणारे छोटे दुकानदार होते. आपल्याकडे महारवाड्यात जाहिरात देऊ शकणारा दुकानदारच नव्हता. हा फरक ध्यानात न घेता केलेली तुलना आपल्या बायांवर अन्याय करते.

तुलनेचा दुसरा धागा पँथरचा. मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. पँथरच्या जन्मामागे दलित स्त्रियांवरचे अत्याचार थेट होते. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दोन दलित बायांची विटंबना झाली होती, म्हणजे ठिणगी पडली ती आमच्याच मराठवाड्यात. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधना’त राजा ढाले यांनी दलित स्त्रीच्या अब्रूला आणि राष्ट्रध्वजाला कायदा लावत असलेल्या किमतीची तुलना केली आणि महाराष्ट्र हादरला. दलित स्त्रीवरचा अत्याचार एवढ्या ताकदीने छापून आला, याचं श्रेय पँथरचं आणि ‘साधना’चं. मात्र त्या बाया बोलताना कुठे दिसत नाहीत. त्यांच्या वतीने बोललं गेलं. त्या पिढीच्या ‘येरू’, ‘तापसी’, ‘चक्रवर्ती’ अशा लघुनियतकालिकांची नावं घेतली की पुरुषांचीच नावं सोबत येतात. त्या पुरुषांच्या घरांत काय चाललं होतं, ते १९८४ मध्ये पँथरच्या एका संस्थापकाच्या पत्नी मल्लिका अमर शेख यांच्या आत्मकथनातून बाहेर आलं.

ब्लॅक पँथरचं पत्र एप्रिल १९६७ मध्ये निघालं. रिचमंडमध्ये पोलिसांच्या गोळीने मेलेल्या डेन्झिल डॉवेल या तरुणाची बातमी त्याच्या पहिल्या अंकात होती. तिथेही सुरुवात पुरुषांच्या नावाने झाली. पण तरिका लुईस या मुलीची चित्रं त्यात येऊ लागली, पुढे एलेन ब्राउन, एरिका हगिन्स यांनी संपादन केलं आणि १९८० मध्ये पत्र बंद होताना जोनिना अ‍ॅब्रन संपादक होत्या. त्या चळवळीतही बायांना मारहाण आणि दुय्यमपणा सोसावा लागला, हे त्यांनीच नंतर लिहिलं आहे. तरी पत्राच्या टेबलावर त्यांचा हात होता. शिवाय ‘थर्ड वर्ल्ड विमेन्स अलायन्स’च्या स्त्रियांनी १९७१ मध्ये वेगळं पत्र काढून वंशवाद, साम्राज्यवाद आणि लिंगभेद अशा तिहेरी जाचाबद्दल लिहायला घेतलं. पँथर ही आपल्या दोघांची समान खूण असेल, तर हा भाग आपल्याकडे का घडला नाही, हे पँथरवर लिहिणाऱ्यांनी विचारायला हवं होतं. फार कमी जणांनी विचारलं.

आपल्याकडे दलित स्त्रीचा शब्द मोठ्या प्रमाणावर छापला गेला तो १९८० च्या दशकात, आणि बराचसा चळवळीच्या पत्रांबाहेर. फलटणच्या बेबीताई कांबळे घरच्या दुकानात बसून वर्षानुवर्षं चोरून लिहीत होत्या, वह्या नवऱ्यापासून लपवत होत्या. गावात राहणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन अभ्यासक बाईंना ते कळलं आणि ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं. सांगोला तालुक्यातल्या महूदला जन्मलेल्या शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ ‘पूर्वा’तून आली. कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ चं. दरम्यान १९७७ पासून ‘बायजा’ निघत होतं, १९८९ मध्ये विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं, स्त्री मुक्ती संघटनेचं ‘प्रेरक ललकारी’ होतं. ही मासिकं प्रामुख्याने शहरी, मध्यमवर्गीय बायांनी उभी केलेली. दलित बायांना त्यांनी जागा दिली, हे खरं आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता आहे. पण बेबीताईंसारख्या चळवळीत वाढलेल्या बाईचं लेखन चळवळीच्या पत्राने आधी मागून घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्यांनी जे लिहिलं, ते आपल्या पत्रात छापायची हिंमत तेव्हा कुठल्या संपादकाने केली असती का?

बायांचं म्हणणं मागून न घेण्याची ही उणीव मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी कामातून भरून काढली. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या हयात बायांना त्या दोघी घरोघरी जाऊन भेटल्या, बोलतं केलं, जुन्या पत्रांतल्या नोंदी हाताने उतरवून काढल्या. १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. नागपूरची १९४२ ची परिषद, जाईबाई, तुळसाबाई यांच्याबद्दल आज आपण जे बोलतो त्याचा मोठा आधार हेच पुस्तक. मीनाक्षीताईंनी ‘आम्ही मैत्रिणी’ नावाचं नियतकालिकही चालवलं. मुक्ता साळवेनंतर दोन्ही प्रश्न एका पानावर आणणारं, आणि संपादनही दलित स्त्रीच्याच हातात असलेलं असं ते काम. १९९५ मध्ये दलित स्त्रियांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला, गोपाळ गुरूंनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याबद्दल लिहिलं, शर्मिला रेगे यांनी तो वाद पुढे नेला, आणि २५ डिसेंबर हा मनुस्मृती दहनाचा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळला जाऊ लागला. विद्यापीठात यावर आज प्रबंध होतात. तालुक्याच्या वाचनालयात मात्र ‘आम्हीही इतिहास घडवला’ सहज सापडेल असं म्हणवत नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत या आढाव्याला मोठी भगदाडं आहेत आणि सर्वांत मोठं नामांतराचं आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारलं. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. या साडेपंधरा वर्षांत बाया मोर्च्यांत गेल्या, तुरुंगात गेल्या, जळालेल्या घरात पुन्हा चूल मांडून बसल्या. प्रदेशातलं सर्वांत वजनदार दैनिक ‘मराठवाडा’ नामांतराच्या विरोधात होतं. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ निघत होतं, त्याने एक पिढी लिहिती केली, पण ते वाङ्मयाचं त्रैमासिक होतं, रोजची बातमी देणं त्याचं काम नव्हतं. त्यामुळे या बायांचं म्हणणं तेव्हा छापलं गेलं ते अगदी तुटक.

नामविस्ताराच्या साडेतीन महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. त्यानंतरच्या घरबांधणीत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या आणि प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने गावातल्या बायांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. सरकारी योजनेतलं अनुदान किती, लोखंड कुठे वापरायचं, तक्रार कुणाकडे करायची हे त्या घरोघर सांगत आणि गावाचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत नेत. हे काम जातीच्या प्रश्नावर उभं नव्हतं, तरी ते मी इथे मुद्दाम नोंदवतो. आमच्या भागात बाईला माहितीवर अधिकृत अधिकार पहिल्यांदा मिळाला तो इथे. सरपंचाच्या आधी तिला ठाऊक असायचं. अशा बाईला सही कुठे कर म्हणून सांगता येत नाही.

२००६ मध्ये २९ सप्टेंबरला खैरलांजीचं दलित हत्याकांड घडलं. सुरेखा आणि प्रियांका भोतमांगे यांच्यावर जे झालं ते मोठ्या वृत्तपत्रांत नीट यायला आठवडे लागले, आणि सुरुवातीच्या बातम्यांत त्या मायलेकींच्या चारित्र्यावर शिंतोडे होते. ते पुसले गेले ते चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन माहिती काढल्यामुळे आणि नागपूर-भंडाऱ्याच्या रस्त्यावर उतरलेल्या बायांमुळे. त्यातल्या कितीतरी जणींनी लाठ्या खाल्ल्या. बातमी लिहिणाऱ्याच्या जागी कोण बसलं आहे याने काय फरक पडतो, हे ज्यांना अजून पटत नाही त्यांनी त्या ऑक्टोबरचे अंक काढून वाचावेत.

‘प्रबुद्ध भारत’ २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाला. बायांनी स्वतः चालवलेल्या पत्राचं आजचं उदाहरण मात्र बाहेरचं आहे: उत्तर प्रदेशात चित्रकूटकडे २००२ पासून ‘खबर लहरिया’ ग्रामीण बायांनी चालवली, त्यात दलित बाया पुढे होत्या. बातमी आणणं, लिहिणं, छापणं, गावात नेऊन विकणं सगळं त्यांचं, आणि आता त्या कॅमेरा घेऊन फिरतात. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्या तोडीचं काही उभं राहिलेलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी २०१९ मध्ये शेजारच्या बीडमधून देशभर गेली, आणि तीही बाहेरून आलेल्या पत्रकारांमुळे. टोळीबरोबर जाणाऱ्या बायांना ते कितीतरी आधीपासून ठाऊक होतं.

आता तातडी आहे ती वयामुळे. नामांतराच्या वेळी, १९७८ मध्ये, विशीत असलेली बाई आज सत्तरीला टेकली आहे. उमरगा, लोहारा, तुळजापूर, कळंब या तालुक्यांतल्या अशा बायांच्या मुलाखती मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांच्या पद्धतीने व्हायला हव्यात. धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, तालुक्यांना महाविद्यालयं आहेत, मराठी आणि समाजशास्त्राच्या मुलींना प्रकल्प लागतातच. विचारायचं तेही फार नाही. वस्तीत कोणता पेपर यायचा आणि कुणाच्या नावावर, तो वाचून कोण दाखवायचं आणि त्या वेळी बाया कुठे बसायच्या, मोर्च्याचा निरोप कसा पोचायचा, तुमच्यावर काही छापून आलं होतं का, आलं असेल तर त्यात खोटं काय होतं, आणि पेटीत, माळ्यावर, फोटोच्या मागे एखादा जुना अंक अजून आहे का.